दुःखाच्या घरचा भरलेला डबा

दीक्षाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ही पोलादपूरची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. घरात कुणी गेल्यावर माणसं एकमेकांना कशी सावरतात, यावर ती प्रबंध लिहिते आहे. माझी बायको कमळा गेल्याचं कळल्यावर तिने विचारलं होतं, 'सर, तुम्हाला आधार कशाचा वाटला?' मी जाडजूड पुस्तकं काढली, दोन परिच्छेद लिहिले आणि फाडले. खरं उत्तर फारच फालतू वाटत होतं.

परवा तिचा फोन आला.

"सर, प्रबंध द्यायची वेळ आली. बायका भरभरून बोलल्या. पुरुषांनी सगळ्यांनी लिहिलंय, 'ठीक आहे.' यावर प्रकरण कसं लिहू?"

"माझं उत्तर शास्त्रीय नाही गं."

"शास्त्रीय मी करते. तुम्ही घडलं ते लिहा."

"त्यात हसणं आहे."

"मग आजच लिहा!"

लिहिलं. कमळा गेली तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नाही. शेजारच्या हफिजाभाभी जेवण पाठवायच्या. अशा घरातून डबा रिकामाच परत जातो. मला ते कुठलं ठाऊक! कमळा कधी कुणाचा डबा रिकामा देत नसे, एवढंच मी पाहिलेलं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा नारळाच्या वड्या केल्या आणि डबा भरून पाठवला.

भाभी तडक आल्या. "सर, मयताच्या घरातनं कोण गोड पाठवतं? आणि ह्यांची नवी कवळी मोडली! वडी हाय का दगड?"

मागे त्यांचे यजमान हारूनभाई तोंडावर रुमाल धरून उभे. "चव चांगली हाय, सर," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

मला हसू फुटलं, ते थांबेना. भाभीही हसत सुटल्या. हसता हसता मी रडू लागलो, कमळा गेल्यानंतर पहिल्यांदाच. दोघं निघून गेली नाहीत. जरा वेळाने भाभी ओट्याशी जाऊन म्हणाल्या, "या इकडं. पाक कसा करायचा बघा."

एवढंच उत्तर. दोघांची नावं त्यात होती, म्हणून आधी त्यांना वाचून दाखवलं.

"कवळीचं नका लिहू," हारूनभाई म्हणाले.

"ऱ्हाऊ दे हो तसंच, शिकलेली माणसं वाचणार!" भाभी म्हणाल्या.

पत्र टाकायला हारूनभाईंनीच मला स्कूटरवर घेतलं. वाटेत दोनदा माझा धीर सुटला; म्हटलं, परत फिरू या. त्यांनी ऐकलं नाही. महाडच्या पोस्टात मी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.