टपावरच्या दोन थापा

इंजिन ऑइलच्या टाकीला तळवा लावून लेआर्को सांगायचा, गाडी सोडायची की नाही. इटलीतल्या अपेनाइन डोंगरांच्या त्या घाटातल्या मोटार शर्यतीत त्याच्या हाताला मान होता. नवशिके इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा बघून फसतात. पाणी पाच मिनिटांत तापतं, तेलाला मात्र पंधरा लागतात, आणि गार तेलावर इंजिन पिळलं की ते आतून जळतं. लेआर्कोचा थोरला भाऊ आदेल्मो तर काट्याकडे बघायचाच नाही. म्हणायचा, "तू असताना मी कशाला डोळे फोडू?" लेआर्कोने टपावर दोन थापा मारल्या की तो निघायचा.

दोन वर्षांपूर्वी पावसाने शर्यत खोळंबली आणि मग एकदम घाई उडाली. तेल पन्नास अंशांवर होतं, ऐंशी तरी हवं होतं. पंच ओरडत होता, मागे रांग लागली होती. चार माणसांत आपल्यामुळे उशीर नको, एवढ्या फालतू लाजेपायी लेआर्कोने थापा मारल्या. चौथ्या वळणावर इंजिन जाम झालं, चाकं अडकली आणि गाडी दगडी कठड्यावर गेली. आदेल्मो जागीच संपला.

गावाने ओल्या रस्त्याला दोष दिला. इंजिन लेआर्कोनेच खोललं. आतलं जळलेलं बेअरिंग त्याने पाहिलं आणि तोंड शिवून घेतलं.

पण वहिनीने, निवेसने, दोष स्वतःकडे घेतला होता. त्या सकाळी तिचं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. दर रविवारी लेआर्कोला जेवायला वाढताना ती म्हणायची, "त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच रे. मीच मारलं त्याला." चर्चमध्येही ती आता मागच्या बाकावर बसे, पुढे बसायची आपली लायकी नाही म्हणून. लेआर्को खाली मान घालून जेवायचा. एका वाक्याने तिचं ओझं उतरलं असतं, ते वाक्य त्याच्या घशाबाहेर येत नव्हतं. भित्रा होता, दुसरं काय.

आज त्याच घाटात आदेल्मोची मुलगी नोएमी पहिल्यांदा शर्यतीत उतरत होती. निवेसने परवानगी दिली ती एकाच अटीवर, इंजिन लेआर्को तापवेल.

तेल ऐंशीवर आलं. मग पंच्याऐंशी.

"काका, सोड की," नोएमी आतून म्हणाली.

लेआर्कोने टाकीवर हात ठेवला. टाकी चांगली तापली होती, शंकेला जागाच नव्हती.

"नव्वद झालं. आता काय त्यावर पास्ता शिजवायचाय?"

पंचाने तिचा नंबर पुकारला. दुसऱ्यांदा पुकारला. लेआर्कोने हात उचलला, पण तो टपावर पडेना. तिसऱ्या हाकेनंतर पंचाने नाव खोडलं आणि मागची गाडी पुढे घेतली.

नोएमीने इंजिन बंद करून हेल्मेट काढलं. "वर्षभर राबले मी यासाठी. का केलंस?"

"तुझ्या बाबाला मी पन्नासवर सोडलं होतं," लेआर्को म्हणाला. मग राहिलेलंही सांगितलं, पंच, रांग, ते बेअरिंग.

तिने कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? आईला जाऊन सांग. आत्ता."

निवेस कठड्यापाशी कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती. "बिघडली का रे गाडी?"

"नाही वहिनी. गाडी चांगली आहे."

मग तो बोलला. रस्ता नव्हता, भांडण नव्हतं, मी होतो, असं बोलला. निवेसने थर्मास कठड्यावर ठेवला. ती रडेल, शिव्या देईल, कानाखाली मारेल, कशालाही त्याची तयारी होती.

"दर रविवारी," ती हळूच म्हणाली, "मी वाढत होते, आणि माझ्या तोंडून ते ऐकत तू जेवत होतास?"

"हो," लेआर्को म्हणाला.