मनगटावरचं भस्म

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आमच्या चाळीमागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नसे. मुलुंडच्या मिठागरांवरून खारट वारा यायचा आणि त्या वाऱ्यात शे-दीडशे माणसं ओळीनं उभी. त्यांतली निम्मी उजवा हात आडवा ताणून सराव करत असायची. शेजारच्याच्या नाकाला बोट लागलं की "अहो, जरा बघून!" व्हायचं आणि पुन्हा हात ताणले जायचे.

पुढं चौरंगावर मेरुनाथ महाराज. मान, पाठ आणि खांदा यांखेरीज दुसऱ्या दुखण्याकडे ते बघतही नसत. समोर दोन पट्टे मांडलेले. एक मानेचा, जाड चामड्याचा, हनुवटीपर्यंत येणारा. दुसरा खांद्यांचा, दोन्ही काखांतून घेऊन पाठीवर बकलांनी आवळायचा, म्हणजे पोक निघून माणूस ताठ दिसतो. कुणाला कुठला द्यायचा, ते रोग्याच्या हाडानं सांगायचं.

"डॉक्टर हाडाचा फोटो काढतो," महाराज गरजत. "फोटोत कधी जीव असतो का? आम्ही जिवंत हाडाला विचारतो. बोल, हाडा, बोल!"

रोग्यानं डाव्या हातानं एक पट्टा छातीशी धरायचा, उजवा हात आडवा ताणायचा. महाराज दोन बोटं तेलात कालवलेल्या भस्मात बुडवून हात खाली दाबत. चुकीचा पट्टा असेल, तर हात मेल्यासारखा खाली पडे. योग्य असेल, तर महाराज दात-ओठ खाऊन, घाम गाळून दाबत तरी हात तसूभर हलत नसे. मग त्यांचा शिष्य सहदेव शंख फुंके. ते भस्म तीन दिवस धुवायचं नाही, पुसायचं नाही, आणि नऊ दिवस ओझं उचलायचं नाही.

"हात हललोच नाय गो!" शेजारच्या सुगंधाकाकू चाळभर सांगत होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. खांद्याच्या दुखण्यानं वर्षभर हैराण होत्या. "त्यानी खांद्याचो पट्टो दिलो आणि नव दिवसांत खांदो मोकळो. देवमाणूस आसा तो!"

माझ्या सासूबाईंना, माईंना, एवढं पुरेसं होतं.

कारण आमच्या घरात नीला होती. माझी धाकटी नणंद, मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची. दोन महिन्यांपासून तिची मान दुखत होती. उठताना हनुवटीला तळहाताचा आधार द्यायची. संध्याकाळी अंगात कणकण. लोक म्हणायचे, पोरगी पोक काढून चालते. दवाखान्यातल्या विद्याधर डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मानेच्या मणक्याला क्षयाची लागण आहे. घाबरू नका, आता औषधं आहेत. सुया घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या, पडून राहायचं. आणि मान हलू नये म्हणून हा मानेचा पट्टा. तो रोग बरा करत नाही, फक्त मणक्याला सांभाळतो. खांदे मात्र मागं ओढू नका. मणका दबला तर पोरीचे हातपाय जातील."

पट्टा आम्ही आणला. दोन दिवस नीलानं लावलाही. मग पत्र आलं. पुढच्या रविवारी तिला बघायला ठाण्याचे पाहुणे येणार.

"गळ्यात हे जोखड घालून बसवू तिला?" माई म्हणाल्या. "पदराखाली तरी झाकतं का ते? खांद्याचा पट्टा कसा, पोलक्याच्या आत जातो. वर मुलगी ताठ दिसते."

"माई, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरच्या घरी द्यायचीय का तिला?"

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रविवारपर्यंतच ना? राखू की माईंचं मन."

सोमवारी माई नीलाला घेऊन ओळीत उभ्या राहिल्या, मी माझ्या दहा महिन्यांच्या माणिकला कडेवर घेऊन मागं. सहदेव ओळीतून फिरत प्रत्येकाची विचारपूस करत होता. कुणाला काय दुखतं, कुणाला काय हवं. माईंनी त्याला रविवारचं सगळं सांगितलं. पुढं नीलाच्या हाडानं काय सांगितलं असेल? मानेच्या पट्ट्याला हात धाडकन पडला. खांद्याच्या पट्ट्याला लोखंडी कांबीसारखा राहिला. शंख वाजला. नीलानं स्वतःच्या हाताकडे जणू तो दुसऱ्याचाच असल्यासारखं पाहिलं.

"वहिनी, मी खरंच जोर लावला होता दोन्ही वेळा," ती वाटेत म्हणाली.

सुया मात्र चालू ठेवायच्या, एवढं मी माईंकडून कबूल करून घेतलं. आणि स्वतःला समजावलं की एवढं केलं ते पुष्कळ झालं. खरं सांगायचं तर मी थकले होते. रात्रभर माणिक दात येताना रडायची, पहाटे नळ, मग चूल. भांडायला अंगात त्राण लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाच्या पाठीवरची बकलं मीच आवळली. "फार घट्ट नाही ना गं?" असं विचारून, पण आवळली.

बुधवारी ती म्हणाली, "वहिनी, बोटांना मुंग्या येतायत. दोन्ही हातांच्या."

"माईंना सांगितलंस?"

"म्हणाल्या, पट्टा काम करतोय. रविवारपर्यंत सोस."

मी नळावर गेले, कारण नळ जाणार होता. एका कडेवर माणिक, दुसऱ्या हातात भरलेली बादली. ती पायांना लागून पाणी सांडत होतं, म्हणून मी हात जरा अंगापासून लांब धरला. लगेच खांदा भरून आला, हात थरथरला, बादली खाली. मग नेहमी करते तेच केलं. बादलीची कडी कोपराजवळ सरकवली आणि निघाले. तीच बादली, तेच पाणी, तोच हात. पण आता जिन्यापर्यंत सहज नेली. आपण सगळ्या बायका असंच करतो. जड पिशवी मनगटावर कोण अडकवतं?

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मी थांबले.

घरात येऊन नीलाचा उजवा हात हातात घेतला. भस्म पुसायचं नसतं, म्हणून सोमवारचं तसंच होतं. दोन ठसे. एक मनगटावर. दुसरा कोपराला लागून.

"नीला, मानेच्या पट्ट्याच्या वेळी कुठं दाबलं होतं?"

तिनं आठवून मनगटावर बोट ठेवलं. "इथं." मग कोपराकडे नेलं. "आणि नंतर इथं." ती माझ्याकडे बघतच राहिली. "वहिनी, लबाडी ही त्यांची!"

"त्यांची नंतर बघू. आधी पाठ कर." मी बकलं सोडली. पट्टा निघाल्यावर तिनं जो श्वास घेतला, त्यानं मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी मी माईंना म्हटलं, माझीही मान दुखते, चला. खोटं नव्हतं ते. महाराजांनी मला बोलावलं. मी मानेचा पट्टा छातीशी धरला, हात ताणला. त्यांची बोटं मनगटावर आली आणि हात पडला. मग खांद्याचा पट्टा दिला. बोटं कोपराकडे निघाली, तेवढ्यात मी म्हटलं, "महाराज, आता पण मनगटावरच दाबा."

"हाड सांगेल तिथं आम्ही दाबतो, बाई."

"मग सगळ्यांची हाडं एकच जागा कशी सांगतात?" मी ओळीकडे वळले. "सोमवारचं भस्म ज्यांच्या हातावर आहे, त्यांनी बघा. जो पट्टा नाकारला, त्याचा ठसा मनगटावर. जो मिळाला, त्याचा कोपराशी. बघा तरी!"

बाह्या वर झाल्या. बांगड्या सरकल्या. "अरे, माझा पण!" "ह्याचा पण तसाच रे!" सुगंधाकाकू स्वतःचा हात उलटसुलट करून बघत राहिल्या. त्यांचा ठसा कधीच गेला होता, पण जागा आठवत होती.

माईंच्या कडेवरची माणिक मी काकूंकडे दिली. "माई, तुम्ही दाबा माझा हात. माझ्याकडे खांद्याचाच पट्टा आहे. हाड ज्याला होकार देणार होतं तोच. दोन बोटांनी, मनगटावर."

माई पुढं येईनात. मग आल्या. भाकऱ्या थापून वाकडी झालेली त्यांची दोन बोटं मनगटावर टेकली आणि माझा हात खाली गेला. मी मानेचा पट्टा घेतला, हाडानं नाकारलेला. "आता कोपराशी." माईंनी दाबलं. आणखी दाबलं. अंगाचा भार टाकला. हात तिथंच.

"जिथून हात सुरू होतो, त्याच्या जवळ भार टाकला तर पेलतो," मी म्हटलं, "लांब टाकला तर पडतो. बादली आहे ही, माई. हाड काही बोलत नाही."

"स्त्रीबुद्धी!" महाराज ओरडले. "कुशंकेनं सिद्धी आटते!" सहदेवनं कारण नसताना शंख फुंकला.

"मग माझो खांदो कसो बरो झालो गो?" काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"नऊ दिवस ओझं उचलायचं नाही, असं सांगितलं होतं ना? पाणी कोण भरत होतं?"

"घो भरत होतो." काकूंनी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली. "मेल्यान वर्षभर आधी भरला असतां, तर!"

लोक हसले. पण सगळे गेले नाहीत. अर्धी ओळ तशीच उभी राहिली, हात ताणून. मला वाईट वाटलं, पण पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. माणिकला भूक लागली होती.

घरी आल्याआल्या माईंनी नीलाला समोर बसवलं, मानेचा पट्टा घेतला, स्वतःच्या हातानं बांधला. बंद लावताना म्हणाल्या, "पाहुण्यांना काय सांगायचं?"

"खरं ते," मी म्हटलं.

"मग येणार नाहीत ते."

"नाही येणार."

त्यांनी बंद नीट बसवला. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि पोस्टकार्ड शोधलं. पाहुणे आले नाहीत, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. विद्याधर डॉक्टरांनी मुंग्यांबद्दल ऐकून नीलाची बोटं एकेक दाबून पाहिली. मग म्हणाले, "वेळेवर काढलात." मुंग्या थांबायला तीन आठवडे लागले, पट्टा सुटायला अकरा महिने. तो सुटला त्या दिवशी नीलानं पहिल्यांदा वाकून माणिकला उचललं आणि आम्ही तिघी उगाचच रडलो.

महाराज त्याआधीच मुलुंडहून हलले होते. कुठं तरी दुसऱ्या पटांगणात हाडं बोलत असतील. तुमच्याजवळ आले, तर भांडू नका, फक्त ते कुठं दाबतात ते बघा आणि दोन्ही वेळा एकाच जागी दाबायला सांगा. मानेला काय हवं, खांद्याला काय हवं, हे ज्यानं तपासून पाहिलंय त्याला विचारा. तो आपल्याला ऐकायला नको असेल ते सांगेल. तरीही त्यालाच विचारा.

माई हे असलं काही बोलत नाहीत. पण चाळीत नवं बिऱ्हाड आलं, की नळावर त्या बाईला म्हणतात, "हात ताण बघू जरा." मग दोन वाकड्या बोटांनी तिचा हात पाडतात, आणि का पडला ते बादली देऊन समजावतात.