फॉइल काढलेली बाटली

सोळा जुलैला सकाळी अकरा वाजता मी वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. फोन पोलिसांचा होता. लोणी काळभोरजवळ दीक्षाच्या रिक्षाला ट्रकने उडवलं. माझी बायको जागेवरच गेली.

तिची पर्स मिळाली. आत फॉइलमध्ये गुंडाळलेली बोटाएवढी बाटली होती. दीक्षा प्रयोगशाळेत सोलर सेलसाठी रंगीत रेणू घडवायची. ते धातूच्या अणूला धरून बसतात आणि ऊन पकडतात. त्यांना ती लिगँड म्हणायची. "कार्बनची साखळी लांबवली की रंग लालीकडे सरकतो," ती सांगायची. चार वर्षांची मेहनत त्या बाटलीत होती. तो रंग किती ऊन पकडतो ते मोजून घ्यायलाच दीक्षा तिकडच्या कॉलेजात निघाली होती.

पाचव्या दिवशी तिचा सहकारी प्रज्ञेश कर्वेनगरला घरी आला.

"दादा, ताईंच्या पर्समध्ये एक बाटली होती का?"

"नाही."

"निदान त्यांची प्रयोगांची वही?"

"कशाला? तुमचं नाव लिहायला जागा उरलीय का बघायला?"

तो चहा न घेता गेला. अजून राख थंड झाली नव्हती आणि याला बाटली हवी होती. मी वही कपाटात कुलपात ठेवली. बाटलीचं फॉइल काढलं आणि ती खिडकीत, दीक्षाच्या फोटोपुढे ठेवली. रंग पिकलेल्या पपईसारखा होता. दीक्षाची खूण म्हणून रोज त्या बाटलीकडे बघायचो.

दोन महिन्यांनी प्रज्ञेश पुन्हा आला. पेटंटचा अर्ज घेऊन. पहिलं नाव दीक्षाचं, त्याचं सगळ्यात शेवटी. मी दोनदा वाचलं.

"नमुना मोजल्याशिवाय हा अर्ज लंगडा आहे," तो म्हणाला.

मी आत जाऊन चहा टाकून आलो आणि खिडकीतली बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली. आत फिकट पिवळं पाणी होतं.

"मी आत गेलो तेवढ्यात बदललीत?" मी विचारलं.

"हो, खिशात पिवळं पाणी घेऊनच फिरतो मी." मग त्याचा आवाज उतरला. "दादा, हिला फॉइल होतं ना?"

मी खिडकीकडे बोट केलं. रोज बघत असल्याने हळूहळू उतरत गेलेला रंग मला कळलाच नव्हता.

"सेलच्या काचेवर बसेपर्यंत याला ऊन चालत नाही," तो म्हणाला.

मी कुलूप काढून वही दिली. त्याने शेवटचं पान उघडलं. रेणू बनवायच्या शेवटच्या पायरीचं तापमान दीक्षाने लिहिलेलंच नाही.

ते शोधून रेणू पुन्हा बनवायचा राहिला आहे.