निळं रान

सोयरिकी जुळवण्यात माझं, म्हणजे पंडिताचं, आसपास नाव होतं. उत्तरेश्वरने ते बुडवायचंच ठरवलं होतं. पोरगा गुणी, पण वावर टीचभर, आणि खरं बोलायची वाईट खोड.

निजामाचा मुलूख सोडून तो इंग्रजांच्या अमलात, समुद्रकाठच्या जंगलात मोजणीची साखळी ओढायला गेला होता. येताना तिथल्या साहेबाने त्याला रद्दीत काढलेला एक जुना नकाशा दिला. चौसाळ्याच्या मोहनरावांकडे त्यांच्या लेकीला, सत्यभामेला, मागणी घालायला गेलो, तेव्हा तोच त्याने काखेत मारून आणला. दुसरं दाखवायला होतं काय?

मोहनरावांनी नकाशा घोंगडीवर पसरला. गावच्या नकाशात रेघ म्हणजे बांध, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. इथे तर डोंगरभर तपकिरी रेघा.

"लई राबलेत लोक," ते म्हणाले. मग बोट निळ्यावर सरकलं. "आन् हे येवढं सपाट रान, एकबी बांध न्हाई. पाव्हणं, तुमची वाटणी यातच हाय का?"

हो म्हटलं असतं तर सुपारी तिथेच फुटली असती. मी तर मान डोलवायलाही लागलो होतो.

"मामा, ते रान न्हाई, समुद्र हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "आन् रेघा म्हंजी बांध न्हाईत. तिथं मानूसच ऱ्हात न्हाई. एका रेघंवरची समदी जमीन एका उंचीची, येवढंच."

मी कपाळाला हात लावला. आतली बांगड्यांची चुळबुळही थांबली. मोहनरावांनी निळ्यावरचं बोट उचलून एका तपकिरी रेघेच्या वळणावळणाने फिरवलं.

"उतारावरचा माजा बांध दरसाल फुटतोय," ते म्हणाले. "कावून, ते आज कळलं. मी त्यो सरळ घातला, मंग समदं पानी खालच्या टोकाला साचतंय. तुमी तिथं अशी एक रेघ मारून द्या. बांध टिकला तर बोलू."

उत्तरेश्वरने परातीतल्या पाण्याच्या पातळीवरून उतारभर एका उंचीच्या जागा हेरल्या आणि रेघ मारली. ती इतकी वाकडीतिकडी, की गाव हसलं. पावसाळा आला नि गेला, त्या रेघेवर घातलेला बांध जागचा हलला नाही. मार्गशीर्षात लग्न लागलं.

पंगती उठल्यावर मोहनरावांनी मांजरसुंब्याच्या पाहुण्यांपुढे नकाशा उलगडला. निळ्यावर बोट ठेवून मिशीला पीळ दिला.

"आमच्या जावयाच्या नकाशातलं रान. एकबी बांध न्हाई, बघून घ्या."

उत्तरेश्वरने तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या सत्यभामेने लुगड्याआडून त्याचा पाय असा दाबला, की ते तसंच मिटलं. मला लई बरं वाटलं. जे मला जमलं नव्हतं, ते तिने पहिल्याच दिवशी करून दाखवलं.