डाव्या बुटाची जागा

मित्रांनो, जवळ या, पण हवं तर नाकाला रुमाल लावून या. मी राग मानणार नाही. मी एक जुना बूट आहे, डावा. माझा उजवा भाऊ शेजारीच पडलेला असतो, पण तो पहिल्यापासून अबोल, त्यामुळे बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. अॅरिझोनातल्या चँडलर गावात एका मराठी घराच्या गॅरेजमध्ये, पाणी तापवायच्या टाकीमागे आम्ही बराच काळ काढला. ही जागा आम्ही मागून घेतलेली नाही. आम्हाला तिथे ढकललं गेलं, आणि का ते सांगतानाही माझी मान खाली जाते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तळाला जाडजूड गुट्ट्या बसवल्या, धावताना पाय गवतात घट्ट रुतावा म्हणून. मग खोक्यात बसून मी फिनिक्सच्या एका दुकानात आलो. तिथे उत्तरा मला घ्यायला आली, सोबत तिचे बाबा प्रसन्न. मुलगी कॉलेजात, दंड कसे भक्कम. बाबांनी मला उलटंपालटं करून विचारलं, "सॉकरसाठी ना गं?" उत्तरा म्हणाली, "हो बाबा, काइंड ऑफ." म्हणजे बघा, घरच्यांत आमच्याबद्दल पहिलं जे वाक्य बोललं गेलं तेच अर्धवट होतं.

सॉकर कुठलं आलंय? ती रग्बी लीग खेळत होती. तेरा जणी इकडे, तेरा तिकडे. लांबट चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून आडवं पाडायचं. पडलेलीनं उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागच्या मैत्रिणीकडे सरकवायचा. हे सरकवायचं काम माझं होतं. दोन खांबांमधून चेंडू उडवायचा मान उजव्याला, पण पडून उठल्यावर पहिली आठवण माझी व्हायची.

पहिल्याच सामन्यात आमची फजिती झाली. उत्तरा पडली, उठली, तिनं माझ्या तळव्यानं चेंडू मागे सरकवला आणि लगेच वाकून त्याला हात लावून हात कपाळाला नेला. लहानपणापासून आईनं शिकवलेलं, पाय लागला की नमस्कार करायचा. वही असो, माणूस असो, पुस्तकाची पिशवी असो. तेवढ्यात समोरची एक दांडगी मुलगी मागच्या मैत्रिणीच्या हाती लागायच्या आत चेंडू घेऊन पसार झाली. कोच ओरडली, "व्हॉट वॉज दॅट?" उत्तराचे कान लाल झाले. त्यानंतर खेळताना तिनं ते कधी केलं नाही, पण सामना संपला की चेंडूपाशी जाऊन राहिलेले सगळे नमस्कार एकदम उरकायची. मला मात्र कुणी नमस्कार केला नाही. बुटाला कोण करतं? आमची जागा दाराबाहेर, हे मलाही ठाऊक होतं.

पोरगी खेळत गेली आणि चांगली खेळत गेली. चँडलरच्या उन्हाळ्यात मैदान तव्यासारखं तापतं, म्हणून उजाडायच्या आत सराव. ती अमेरिकेच्या संघात निवडली गेली तेव्हा मैत्रिणींनी तिला खांद्यावर घेतलं. घरी आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "भारी यार." आई, म्हणजे सुमेधा, चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठी इंजिनिअर. ती म्हणाली, "दात शाबूत आहेत ना? मग जेवायला बस." आईला राग नव्हता, मित्रांनो. तिला लाज वाटत होती. इतरांच्या मुली डॉक्टर, कुणी डेटा सायंटिस्ट, आणि आपली चिखलात लोळते. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की ती सांगायची, "उत्तरा स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे."

मग तो गणपती आला. आदल्याच दिवशी कुणाचं तरी कोपर लागून उत्तराचा डोळा काळानिळा झाला होता. मंडळाच्या आरतीला सुवर्णा काकूंनी तिची हनुवटी धरून वर केली. "अगंबाई, सुमेधा, काय झालं पोरीला?" आईच्या तोंडून निघून गेलं, "कारचा छोटा अॅक्सिडेंट झाला."

झालं. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू. मंडळाच्या बायकांनी वार वाटून घेतले. मुगाची खिचडी, वर साजूक तूप, भोपळ्याचं भरीत, दुधात घालायला घरची हळद. उत्तरा एकेक डबा उघडायची आणि म्हणायची, "आई, आय फील सो बॅड. त्यांना सांगूया ना." आई म्हणायची, "आता कसं सांगणार? खा गुपचूप." काकूंचे यजमान मोरेश्वर काका तर बंपर बघायला आले, ओळखीचा मेकॅनिक आहे म्हणाले. बंपर ठणठणीत. बाबांनी कुठल्याशा पार्किंगमधला जुना ओरखडा दाखवला, तेव्हा काकांनी त्यावर बोट फिरवून मान हलवली. आम्ही तेव्हा अंगणात वाळत होतो. आईनं आम्हाला पायानंच गॅरेजमध्ये सरकवलं. तिनं नमस्कार केला नाही.

त्याच वर्षी दसरा. तुम्हाला माहीत आहे, दसऱ्याला ज्याच्या त्याच्या कामाच्या वस्तूची पूजा होते. आईबाबांचे लॅपटॉप पाटावर, गाडीच्या किल्ल्या, त्यावर झेंडू. उत्तरा आम्हाला घासूनपुसून घेऊन आली. "आई, हे माझं. ठेवू?" घरात पाहुणे होते. आई म्हणाली, "वेड लागलंय का? देवापुढे चपला?" सगळे हसले, उत्तराही हसली. पण मी तिच्या हातात होतो, तिची बोटं माझ्या नाड्यांवर आवळलेली होती. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. चूक आईची म्हणू कशी? मी खरंच चप्पल जातीचा. माझ्यामुळे तिचं म्हणणं हसण्यावारी गेलं.

पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबनं तिला करार दिला. खेळणं हीच नोकरी. नवे बूटही क्लबच देणार होता. निघायच्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली, आम्हाला जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि मागे उभ्या आईला म्हणाली, "आई, एकच प्रॉमिस कर. कोणी विचारलं तर मी काय करते ते सांग. मॅनेजमेंट नको म्हणू. प्लीज." आई म्हणाली, "बघू." उत्तरानं मान डोलावली आणि बॅग उचलली.

मग आम्ही विसरले गेलो. चामड्याला भेगा पडल्या. बोळे उंदरांनी नेले आणि माझ्यात काही दिवस एक विंचू राहून गेला. भाडं मागायची सोय नव्हती.

पण आईला आम्ही रोज बघायचो. ऑफिसमधून आली की गाडी गॅरेजात लावायची आणि आतच बसून फोनवर उत्तराचे सामने बघायची. घरात बसून नाही. एकदा सामन्यानंतर कुणीतरी उत्तरासमोर माइक धरला आणि इंग्रजीत विचारलं, घरचे काय म्हणतात? उत्तराचा ओठ फुटलेला. ती हसून म्हणाली, "दे आर सो प्राउड. माय मॉम टेल्स एव्हरीवन." आईनं फोन मांडीवर पालथा घातला. लेक जगासमोर खोटं बोलली होती, आणि ते आईची लाज झाकायला. आई स्टिअरिंगवर डोकं टेकून किती तरी वेळ बसली होती.

त्यानंतरच्या दसऱ्याला सकाळी तिनं आम्हाला टाकीमागून काढलं. टूथब्रशनं गुट्ट्यांमधली माती कोरली, तेलाचा हात फिरवला. संध्याकाळी सोनं द्यायला लोक येणार होते. ती आम्हाला देवघराच्या दारापर्यंत घेऊन गेली आणि थबकली. जन्माची शिकवण अशी कशी सुटेल? परत फिरली. दर्शनी दाराच्या पायरीवर, जिथे पाहुणे चपला काढतात, तिथेच पाट मांडून तिनं आम्हाला ठेवलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि शेजारी बसून राहिली.

सुवर्णा काकू हातात कांचनाची पानं घेऊन आल्या. इथे आपट्याच्या ऐवजी तीच वाटतात. "सुमेधा, अगं चपलांना कुंकू?"

"उत्तराचे बूट आहेत. ती रग्बी खेळते, क्लबकडून. तेच तिचं काम आहे." आई म्हणाली. "मागे त्या गणपतीत तिचा डोळा सुजला होता, तो खेळताना लागून. अॅक्सिडेंट झालाच नव्हता. मी खोटं बोलले, आणि तुमचे डबे घेत राहिले."

काकूंनी हातातली पानं पाटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाल्या, "मी तिच्यासाठी देवाला नारळ बोलले होते गं."

काकूंनी चपला काढल्या. पायरी चढताना त्यांचा पाय मला लागला. आणि सवयीनं, विचार न करता, त्या वाकल्या. मला हात लावला आणि हात कपाळाला नेला. बोटाला माझं कुंकू लागलं होतं, ते त्यांच्या कपाळावर उमटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो काकू, माझ्यात विंचू राहून गेलाय, असं ओरडावंसं वाटलं. आईनं ते पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडतेस काय?" काकू म्हणाल्या. "आत चल. ती खेळते ते मला दाखव."

मित्रांनो, बुटांना देव्हाऱ्यात बसवा असं मी म्हणणार नाही. आमची जागा दारातच बरी आहे. खेळून आलात की चिखल पुसा, नाड्या सोडा, उन्हात ठेवा, एवढं केलंत तरी आम्ही वर्षानुवर्षं टिकतो. आणि दारात आलेल्या कुणी विचारलं, हे कुणाचे, तर आम्हाला पायानं बाजूला सरकवू नका. जिचे आहेत तिचं नाव सांगा.