रेशीमकिड्यांचं खाद्य

"काय हो, आज पण गच्चीवर तेच वाळत घातलंत?" आईनं जिन्यातूनच विचारलं. "खालच्या बाई नाकाला पदर लावून 'क्या बदबू है' म्हणतेत."

"चार दिवस थांब, भामा. वास काढतोच मी."

हे १९९४ सालचं. आम्ही नल्लकुंट्यात राहायचो. बाबा कुकटपल्लीच्या एका कारखान्यात माशांच्या खाद्याची प्रयोगशाळा सांभाळत. खाद्यात सुक्या मासळीची भुकटी लागते. रेशीम काढून घेतल्यावर कोषात उरणारे किडे तिच्या जागी चालतील, असं बाबांचं म्हणणं. मालक हर्षदसेठनी त्यांना पंचेचाळीस दिवस आणि कारखान्यामागचं एक तळं दिलं. नाही जमलं तर परदेशी कंपनीचं तयार खाद्य येणार आणि प्रयोगशाळा बंद.

बाबांनी किडे दोनदा उकळले, दाबून तेल काढलं, पुन्हा वाळवले. सोयापेंड आणि कोंडा मिसळून गोळ्या केल्या. आईनं एक हुंगली. "आता कशाचाच वास नाही." बाबा खूश.

पहिल्या दिवशी मीही तळ्यावर गेले. राखणदारीण गंगूनं गोळ्यांचं घमेलं दोरीनं पाण्यात सोडलं. तासाभरानं ओढलं, तर जसंच्या तसं भरलेलं.

"एकनाथराव, मछल्यांनी एकादशी धरली का?" हर्षदसेठ हसले.

जन्मात अंड्याला न शिवलेल्या बाबांनी एक गोळी जिभेवर ठेवली.

"चूक माझी," ते म्हणाले. "वास माणसांसाठी काढला. जेवायचं यांना होतं."

घरी येऊन त्यांनी आईला तेच सांगितलं. आई पोळी उलटत राहिली. मग म्हणाली, "आणा वास परत. खालच्या बाईंना मी बघते."

काढलेलं तेल थोडं थोडं परत मिसळलं. पाचव्या दिवशी घमेलं रिकामं वर आलं.

तिसाव्या दिवशी हर्षदसेठ तळ्यावर आले. "मासे खातेत, मान्य. पण गिऱ्हाइकाला आता बाहेरच्या नावाचं पोतं पाहिजे. करार झाला. उद्यापासून तुम्ही गोदामात बसा."

"पंचेचाळीस म्हणाला होतात. पंधरा राहिले."

"अहो, आता कोणासाठी?"

"सुरू केलंय म्हणून."

पंधरा दिवस बाबा गोदामाच्या वेळेआधी पहाटेची बस धरून तळ्यावर जात राहिले.

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. भेटायला येणारे त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात. मी मान हलवते. मला तो पंचेचाळिसावा दिवस दिसतो. गंगूनं जाळं ओढलं, मी तराजू धरला. मासळीच्या भुकटीवर वाढलेल्या शेजारच्या तळ्यातल्या माशांइतकेच हे मासे भरले. बघायला चौथं कोणी नव्हतं. बाबांनी एकेक मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

काठावर नव्या कंपनीची पोती येऊन पडली होती.

"गंगू, खाणं एकदम बदलू नको," बाबा म्हणाले. "आठवडाभर नव्यात आपलं थोडं थोडं मिसळत जा. उपाशी राहतील नाहीतर."

"सरे, सार," गंगूनं होकाराची मान हलवली.

मग आपलं उरलेलं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन बाबा तिच्या खोलीकडे चालू लागले.