साडेबारा मिलिलिटर

माझी धाकटी बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि औषधाच्या मात्रा काढायच्या पेपरात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा गेला की नाव कमी. म्हणून अभ्यासाला पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिली.

बाकी कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वॉर्डातली रडकी मुलं तिच्याच हातून सुई टोचून घ्यायची. माझी आठ वर्षांची लेकसुद्धा ताप आला की मला बाजूला सारून मावशीला हाक मारते.

पहिल्या दुपारी मी तिला एक गणित घातलं. तिने आकडे मांडले आणि माझ्याकडे पाहिलं. गुणायचं ना, म्हणाली. माझी भुवई जराशी हलली असावी. "हां, भागायचं," म्हणाली आणि अचूक उत्तर लिहून मोकळी झाली. अशी वीसपैकी वीस गणितं आली. पण प्रत्येक वेळी लिहिण्याआधी ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

हे मीच तिला शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती, अपूर्णांक दिसले की रडायची. आई कामावरून थकून यायच्या आत मला ते रडणं मिटवायचं असायचं. उत्तर सांगायची नाही मी, शहाणी ना! चुकलं की भुवई उचलायची, बरोबर आलं की हसायची. ती भागाकार शिकलीच नाही, माझा चेहरा शिकली.

मग मी तिच्याकडे पाठ करून बसू लागले. "परीक्षेला बहिणीचा फोटो चालतो का विचारून ठेव," ती म्हणायची. हसायचो दोघी. वीसपैकी सात आली, मग अकरा, मग चौदा. डोकं होतं गं तिला, दिवस नव्हते. जे चौथीत रडतखडत का होईना अंगात मुरतं, ते चोविसाव्या वर्षी पंधरा दिवसांत कसं मुरणार?

परीक्षेनंतरही ती माझ्याकडेच राहिली होती. निकालाच्या दिवशी कॉलेजातून आली, सवयीने कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाली, एका गुणाने गेला. फेरतपासणीचा अर्ज मी आधीच आणून ठेवला होता. तो तिने माझ्यापुढे परत सरकवला.

"पाच मिलिलिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅम औषध. बाळाला शंभर द्यायचंय. मी साडेबारा मिलिलिटर लिहिलं, ताई."

उत्तर दोन होतं.

"लिहिताना जरासुद्धा शंका आली नाही मला. पेपर होता म्हणून गुण गेला. वॉर्डात असते तर पाजून टाकलं असतं."

चूक माझी आहे, मी म्हटलं.

"असेल. पण चमचा माझ्या हातात असता."

एवढं बोलून ती बॅग भरायला उठली.

लेक हल्ली अपूर्णांकांशी झगडताना रडते. मी रडू देते. डोळे पुसले की पाव-अर्धा समजायला कापलेले कागदाचे तेच चार तुकडे पुन्हा तिच्या हातात देते आणि तोंड फिरवून बसते. आई दुष्ट आहे, असं ती तिच्या बाबांना सांगते.

बहीण आता एका वृद्धाश्रमात आहे. आंघोळी घालते, भरवते, म्हाताऱ्यांचे केस विंचरते. जीव टाकतात म्हणे तिच्यावर. गोळ्यांची वेळ झाली की दुसरी बाई ट्रे घेऊन येते, आणि ही खोलीबाहेर जाऊन उभी राहते.